बद्रीच्या अलीकडचं तीर्थ

अजी, ऐकता का?

उद्या वसंताभाऊजींच्या पोराचं बारसं आहे. पाळणा धुऊन उन्हात ठेवलाय, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडलेत, आणि पोराचं नाव ठेवायचं म्हणतात नारायण. तुमचं नाव. तुमची तेरवी झाली त्याच आठवड्यात निर्मला बाळंत झाली, मुलगा झाला, आणि घरभर एकच गलका उठला की दादा परत आला. येणारी प्रत्येक बाई पोराच्या कानाची पाळी चिमटीत धरून बघते आणि म्हणते, अगदी नारायणचीच. मला तर सगळ्या तान्ह्या पोरांचे कान सारखेच दिसतात.

माझ्या होकारासाठी सगळं अडलंय. तुमचा धाकटा भाऊ भला आहे, तुम्हीच त्याला भोळसट म्हणायचात. काल ओट्याशी येऊन उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "वहिनी, तुमी हो म्हटलं तरच ठेवू. नाई त दुसरं पाहू." मी म्हटलं, उद्यापर्यंत सांगते. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. भात चुलीवर ठेवला आणि विसरले. विहिरीवर गेले ती रिकामी कळशी घेऊन परत आले. अलका म्हणाली, "आई, तू मनात कोनाशी भांडून राहिली?" आता पोरीला काय सांगू, तुझ्या बापाशी. दुसऱ्या कोणाशी भांडायची मला सवय तरी आहे का?

तर अलकेच्या वहीत लिहून विचारते. देऊ का तुमचं नाव? आणि "तुले पटते ते कर" हे उत्तर चालायचं नाही. ते मी आख्खा संसारभर ऐकलंय. घराला कोणता रंग, तुले पटते तो. अलकेला कोणत्या शाळेत, तुले पटते तिथं. पटलं ते मी केलं आणि बिघडलं की तुम्ही हसलात. या वेळी मला काहीच पटत नाही. माझं मन नाही म्हणतं, आणि का म्हणतं ते या घरात कोणालाच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं तो निघून गेला.

तुम्हाला बद्री आठवतं ना? मी बद्रीचंच म्हणतेय.

हनिमून हा शब्द आमच्या अड्याळच्या घरात मी आणला. नागपूरची मावसबहीण लग्नानंतर काश्मीरला जाऊन आली, तिचा नावेत बसलेला फोटो मी पाहिला आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा मोठ्या माणसांनी आपल्याला दोन शब्द बोलायला मागच्या अंगणात धाडलं. दुसरी पोरगी शेती किती, विहीर आहे का, असलं विचारती. मी विचारलं, "लग्नानंतर फिरायला नेणार का?" तुम्ही जरा डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "नेतो नं. हिमालयात नेतो." मी तिथल्या तिथे होकार दिला. धानाच्या बांध्या किती, तलावाचं पाणी कोणत्या हंगामात मिळतं, हे मला सानगडीला आल्यावर कळलं.

मला काय माहीत की त्याच आठवड्यात तुम्ही मायलाही हिमालयाचाच शब्द दिला होतात! तुमचे आजोबा म्हणजे मायचे सासरे. ते फार पूर्वी गावच्या लोकांबरोबर पायी बद्रीला निघाले आणि वाटेतच पटकीनं गेले. सोबतचे लोक त्यांचं धोतर तेवढं घेऊन परतले. त्यानंतर घरात जे जे वाईट झालं, बैल मेला, तलाव फुटून नुकताच लावलेला धानाचा रोवणा वाहून गेला, तुमच्या आधीची दोन मुलं जगली नाहीत, ते सगळं आज्याच्या माथी गेलं. आज्याची सोय लागली नाही, आजा वाटेतच उभा आहे, असं माय म्हणायची. म्हणून तुम्ही जगलात तेव्हा तुम्हाला त्याचंच नाव दिलं, आणि लग्न झालं की नव्या नवरीला घेऊन जोड्यानं बद्रीला जायचं, ब्रह्मकपालावर आज्याचा पिंड पाडायचा, असं बोलून ठेवलं.

एका दगडात दोन पक्षी. मला सांगितलंत फिरायला चाललो, मायला सांगितलंत पिंडाला चाललो. खोटं दोघींनाही नाही बोललात, तेवढे चतुर होतात.

मला कळलं ते गाडीत. नागपूर सुटल्यावर मी फणी काढायला ट्रंक उघडली. माझी नायलॉनची गुलाबी साडी घडी घालून वर ठेवलेली होती, तिच्याखाली काळ्या तिळाची पुरचुंडी, जवाच्या पिठाची पिशवी, दर्भाची जुडी आणि कोरं पांढरं धोतर. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर पाहायला लागलात, जणू बाहेर काही पाहण्यासारखं होतं.

"हे काय व्हय?" मी विचारलं.

"आज्याचं सामान व्हय."

"आजा पन येऊन राहिला का आपल्यासंगं?"

"तो तिकडंच आहे," तुम्ही म्हणालात. "आपल्याले फक्त भेटून येवाचं आहे."

दिल्लीपर्यंत मी तुमच्याशी धड बोलले नाही. पण हरिद्वार ओलांडून बस वर चढायला लागली, आणि खाली ती हिरवी नदी दिसली, तेव्हा राग धरून बसणं जमेना. आपल्याकडे वैनगंगा मोठी, पण सपाट, गुमान वाहणारी. ही नदी नुसती आरडाओरडा करत होती. तुम्ही नाव विचारून आलात, अलकनंदा. मी म्हटलं, मुलगी झाली तर हेच नाव. समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या आपल्याकडे वळून बघायला लागल्या, आणि तुमचे कान लाल झाले. खरे नारायणचे कान ते होते. या बायकांना कोण सांगणार.

काय तो आपला हनिमून! गावातल्या एका निवृत्त शिपायाचा कोट मागून आणलेला, तो एकच गरम कपडा, आणि तो घालायचा कोणी यावर रोज तंटा. धर्मशाळेत बायका एका दालनात, पुरुष दुसऱ्यात. सकाळी चहाच्या दुकानाशी भेटायचो, ते सुद्धा चोरासारखे. एका मुक्कामाला मालकाला दया आली, त्यानं सामानाच्या खोलीत जागा दिली. बटाट्यांची पोती, कांद्याचा वास, एकच रजई. माझे पाय बर्फ झालेले, अजून हळदीचे. तुम्ही ते तुमच्या पोटाशी धरून बसलात आणि म्हणालात, "तुही बहीन काश्मीरले गेली, तिच्या नवऱ्यानं धरले असतीन का असे पाय?" मी म्हटलं, तिला गरजच पडली नसेल, तिच्याकडे मोजे होते. तुम्ही इतके हसलात की भिंतीपलीकडून कोणीतरी खाकरलं.

या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला बाकी सगळं माफ केलं असतं. आजही करते. पण पुढचं काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

बद्रीला पोचलो. गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी झाल्या, देवाचं दर्शन झालं. मग नदीकाठी त्या दगडावर तुम्ही धोतर नेसून, कुडकुडत, तीळ आणि पीठ मांडून बसलात. मी बाजूला, हातात हिरवा चुडा, अंगावर तीच गुलाबी साडी आणि वर शिपायाचा कोट. महाराज घाईत होते, मागे रांग होती.

"गोत्र?"

"काश्यप," तुम्ही ठोकून दिलंत. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, हे आपल्याकडे सगळेच जाणतात.

"दादाजी का नाम?"

"नारायण."

"आपका नाम?"

"नारायण."

महाराजांनी मान वर केली, तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "दोनों नारायण! फिर तो काम सरल है।" आणि भराभर मंत्र म्हणत सुटले. त्यात काश्यप होतं, त्यात नारायण होतं, पुन्हा नारायण, पुन्हा नारायण, आणि प्रत्येक वेळी तुम्ही पिठाचा एक गोळा ठेवत होतात. लग्नाची हळद अजून उतरली नव्हती आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याच्या नावानं पिंड पडत होते.

वर महाराज शेवटी म्हणाले की इथं पिंड पडला की काम संपलं, पुन्हा कधी त्या नावानं पिंड द्यायची गरज नाही. तुम्ही हात जोडून उठलात, खुशीत. मी उठलेच नाही. "त्याईले पुन्हा म्हनाले लावा," मी म्हटलं. "नीट सांगा, आजा म्हनून. सानगडीचा. मेलेला."

"अवो, त्यानं पितामह म्हटलं नं!"

"नाई म्हटलं."

"म्हटलं. तुह्या ध्यानात नाई आलं."

"मी कान देऊन ऐकत होती. नाई म्हटलं."

"मंग आता देवाले काय पत्ता लिहून देऊ? तालुका साकोली, जिल्हा भंडारा?"

तुम्हाला चेष्टा सुचत होती. तो महाराज पितामह म्हणाला की नाही, यावर आपण पुढं किती भांडलो! रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभं राहून भांडलो. अलकेच्या वेळी मला कळा सुटल्या होत्या तरी मी तुम्हाला तेच विचारलं, आणि तुम्ही दाराबाहेरून ओरडलात, "म्हटलं होतं!" सर्दी झाली तरी मी घाबरायची आणि तुम्ही म्हणायचात, "मले काय होते? माहा पिंड त कवाच पडला, मी मोकळा." आता सांगा. तो नव्हता म्हणाला ना?

नका सांगू. म्हणाला असेल. तरी ऐकून घ्या.

उतरताना मी अबोला धरला. वाटेत दरड कोसळली होती. बस अलीकडे थांबली, पलीकडे दुसरी उभी होती, आणि सगळ्यांनी सामान डोक्यावर घेऊन दगडधोंड्यांतून चालत जायचं होतं. तुम्ही ट्रंक खांद्यावर टाकून पुढं निघालात. मी मुद्दाम मागं राहिले, रुसलेलं माणूस मागंच राहतं. तेवढ्यात धुकं उतरलं. दोन हातांपलीकडचं दिसेना. खाली नदी ओरडत होती, वरून बारीक खडे घरंगळत होते. तुम्ही कुठंच नव्हतात. मी घाबरून हाक मारली, "अजी!"

आपल्याकडची बायको नवऱ्याला दुसरं काय म्हणणार? पण तो मुलूख हिंदीचा. तिथंही बायका नवऱ्याला अजीच म्हणतात. धुक्यातून पाचसहा नवरे एकदम म्हणाले, "हां जी?" एक म्हातारा तर काठी टेकत परत फिरला, बिचारा. मी आणखी मोठ्यानं अजी म्हटलं, आणखी चारजणांनी ओ दिली. सगळ्या जगाचे नवरे हजर, माझाच नाही.

मग माझ्या तोंडून निघालं. मी जीव खाऊन ओरडले, "नारायण!"

आणि आख्खी वाट उलटून ओरडली, "बद्रीनारायण भगवान की जय!"

मी पुन्हा ओरडले, पुन्हा जयजयकार. कोणीतरी मागून म्हणालं, बहू की श्रद्धा देखो. मला रडू फुटलं होतं आणि लोक माझ्या भक्तीचं कौतुक करत होते. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ट्रंक खाली आपटल्याचा आवाज आला आणि धुक्यातून तुम्ही आलात. माझ्यासमोर येऊन तुम्ही सरळ दगडावर बसलात आणि पोट धरून हसत राहिलात. हसता हसता तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं आहे, नाही म्हणू नका.

"झालं आता," तुम्ही म्हणालात. "पिंड आज्याले गेला अन् हाक मले आली. आता त्याच्यात घोयच उरला नाई. मेलेल्या मानसाले कोनी असं बोंबलून बोलावते का?"

त्या दिवशी माझी समजूत पटली. तुम्ही बोललात की पटायचीच. तुम्ही समोर असेपर्यंत टिकायची, तुम्ही शेताला गेलात की पुन्हा किडा वळवळायला लागायचा.

घरी आलो, गंगापूजन झालं, गाव जेवलं. चौकातल्या टवाळ पोरांनी मायला सांगून ठेवलं होतं की नारायणभाऊ हनिमूनला गेले. मायनं भर पंगतीत तुम्हाला विचारलं, "बाबू, हे हनीमून कोन्तं तीर्थ व्हय?" माझ्या हातातलं वरणाचं भांडं पडायचं राहिलं. तुम्ही मान न वर करता म्हणालात, "बद्रीच्या अलीकडचं आहे, माय." "मंग तेथं थांबले होते का?" "एक रात थांबलो." माय खूश. पुढं कित्येक वर्षं ती बायकांना सांगायची, माह्या पोरानं सुनेले बद्रीबी दाखवली अन् हनीमूनबी केलं, दोन्ही तीर्थं झाली. शेजारच्या काकूंनी तर मला विचारलं, तिथं बायामाणसांना आत जाऊ देतात का. तुम्हाला हे मी तेव्हा सांगितलं होतं, तुम्ही तांदळाच्या पोत्यावर लोळला होतात. त्या आठवणीनं आत्ताही हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. महिनासुद्धा झाला नाही.

दहाव्याला तलावाच्या काठी वसंताभाऊजी बसले पिंडाला. भटजींनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. काश्यप, नारायण. तेच शब्द, तसेच गोळे, तसंच पाणी. मी बायकांत मागं बसले होते. मला वाटलं उठावं आणि विचारावं, हे एकदा झालंय ना? मग तेव्हा कोणाचं झालं आणि आज कोणाचं चाललंय? शेवटी न राहवून नंतर भटजींना बाजूला गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, मनात आणू नका. मनात आणायचं की नाही हे माझ्या हातात असतं तर त्यांना विचारायला गेले असते का?

खरं सांगते, मला वाटतं ते चुकीचं आहे, अडाणीपणाचं आहे, मॅट्रिक झालेल्या बाईला शोभणारं नाही. पण वाटतं. तुम्ही भरल्या संसारातून, केस काळे असताना, चार दिवसांच्या तापात गेलात. मला वाटतं, त्या दगडावर कोणीतरी तुमचं नाव लिहून घेतलं होतं. आणि आता तेच नाव या बारा दिवसांच्या पोराला द्यायचं? ज्या नावावर एवढे पिंड पडलेत ते?

हे एक झालं. दुसरं सांगू का? हसाल. ते नाव माझं आहे. मी ते आयुष्यात किती वेळा घेतलं? उंबरठ्यावरच्या उखाण्यात एकदा. "अड्याळची मी लेक, सानगडीची झाले सून, नारायणरावांचं नाव घेते मोठ्यांचं ऐकून." तेव्हा मायनं कानांवर हात ठेवले होते, कारण मी तिच्या सासऱ्याचं नाव उच्चारलं. आणि मग त्या धुक्यात. बस. जे मी एवढं जपून ठेवलं ते उद्यापासून सगळ्या घरानं वापरायचं? नारायण, चड्डी घाल. नारायणनं दूध सांडलं. नारायणला दोन रट्टे द्या. मला ऐकवणार नाही.

आणि तिसरं, हे सगळ्यात जास्त टोचतं. तुम्ही गेलात त्या दुपारी खोलीत आम्ही सगळे होतो. अलका बाबा, बाबा करत होती. भाऊजी दादा म्हणत होते. मी अजी म्हणत होते. माय बाबू म्हणत होती. सख्ख्या आईनं तुम्हाला जन्मभर बाबूच म्हटलं, सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून. सत्यनारायणालासुद्धा ती सत्याची पूजा म्हणते. या गावात बाबू किती आहेत! तुमचं नाव घेऊन तुम्हाला हाक मारणारं त्या खोलीत एकही माणूस नव्हतं. मी मारायला हवी होती. एकदा मारली तर तुम्ही धुक्यातून परत आला होतात. ती हाक त्या दिवशी माझ्या ओठांपर्यंत आली होती, पण दारात गाव उभं होतं आणि मी पुन्हा अजीच म्हटलं. तुम्ही ओ दिली नाही.

म्हणून मी ठरवत आणलं होतं की नाही म्हणायचं. पोराला दुसरं काही ठेवा, जे आम्हा सगळ्यांना बोलता येईल. नारायण ठेवलं तर मी घेणार नाही, माय घेणार नाही, म्हणजे पुन्हा एक बाबू होणार. मी मनात वाक्यही जुळवून ठेवलं. भाऊजींना वाईट वाटू नये असं.

एवढं लिहून झालं आणि पाणी प्यायला उठले. मागच्या अंगणात ऊन उतरतीला लागलंय, बाजूला नव्या धानाचं पुंजणं रचून ठेवलंय. माय खाटेवर माझ्याकडे पाठ करून बसली होती, मांडीवर तुरीच्या शेंगा. तुम्ही गेल्यापासून ती बोलतच नाही, जेव म्हटलं तर जेवते. तिच्या तोंडून काहीतरी येत होतं. मी दारात थबकले.

"ना... नारा... नारायन."

तुमची माय. जिनं देवाचंसुद्धा हे नाव कधी घेतलं नाही. एकदा म्हणायची, थांबायची, पदरानं तोंड पुसायची, पुन्हा म्हणायची. मग तिनं शेंगा बाजूला ठेवल्या, मान वर केली, आणि रिकाम्या अंगणाकडे बघून चांगली मोठ्यानं हाक मारली.

"नारायन! जेवाले ये!"

मग तिला माझी चाहूल लागली. वळून पाहिलं आणि नव्या नवरीसारखी लाजली. "काई नाई वो," ती म्हणाली. "जमते का ते पाहून राहिली होती. एका पोराले त नावानं हाक माराले पाहिजे नं."

मी जाऊन तिच्याजवळ खाटेवर बसले. "आनखी एक डाव म्हना, माय," मी म्हटलं.

तिनं म्हटलं. आम्ही दोघी जरा वेळ थांबलो. तुम्ही आला नाहीत.

मग मी तिला सांगितलं, "ठेवा."